शुक्रवारची वाचलेली दुपार

बुखाऱ्याच्या यहुदी मोहल्ल्यात शुक्रवारची संध्याकाळ सगळ्यांच्याच घरी यायची, पण बखमलच्या घरी ती धाड पडल्यासारखी यायची. इतर घरांत बायका न्हाऊनमाखून, डोक्याला रेशमी रुमाल बांधून मेणबत्त्यांपाशी उभ्या असायच्या, तेव्हा बखमल एका हाताने कढईतला मासा उलटत असायची आणि दुसऱ्या हाताने लसूण कुटत. कोपरापर्यंत पीठ, केसांत कोथिंबिरीची काडी, आणि पायांत दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या चपला. सूर्य बुडाला की यहुद्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस लागायचा, मग पुढचा अख्खा दिवस काडी ओढायची नाही, चूल पेटवायची नाही. जे शिजलं ते शिजलं, कच्चं राहिलं ते कच्चं. तिची सासू इस्ताम-बीबी खिडकीशी बसून शांतपणे बातमी देत राहायची.

"मिनारावरचं ऊन अर्ध्यावर आलं, केलीन."

केलीन म्हणजे सूनबाई. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली तरी बखमल केलीनच होती.

"बघतेय मी, बीबी."

"तू माशाकडे बघतेयस. ऊन मी बघतेय."

नवरा यूनो न्हावी होता. हौदाजवळ त्याचं दुकान होतं आणि वेळेशी त्याचं काही भांडण नव्हतं, कारण त्याने वेळेला कधी ओळखच दाखवली नव्हती. गिऱ्हाइकाच्या एका गालाला फेस लावून तो जगाचं राजकारण सुरू करायचा. दुसऱ्या गालाची पाळी येईपर्यंत पहिल्यावरचा फेस वाळून जायचा. शुक्रवारी तो घरी येऊन थेट न्हाणीघरात शिरायचा आणि आतूनच ओरडून विचारायचा, "अजून झालं नाही का तुझं?"

अशात जेरुसलेमहून त्सिपाबाई आल्या. जगात जिथे जिथे चार यहुदी बायका उरल्यात, तिथे जाऊन घरकामाच्या वेळेचं नियोजन शिकवायचं हे त्यांचं व्रत होतं. गळ्यात साखळीला स्वयंपाकघरातलं घंटीचं घड्याळ लटकवलेलं असायचं आणि ते वाजलं की त्या वाक्य अर्धवट सोडून पुढच्या मुद्द्याकडे वळायच्या. प्रार्थनामंदिराच्या अंगणात तुतीच्या झाडाखाली बायका जमल्या. बहुतेकजणी चहाबरोबर काय मिळतंय ते बघायला आल्या होत्या.

"वेळ ही तुमची मालमत्ता आहे," त्सिपाबाई रशियनमधून म्हणाल्या. "तुमच्या घरात ती कोण चोरतं, याचा विचार केलाय कधी?"

"माझा नवरा," झुलाई म्हणाली. ही यूनोची थोरली बहीण. बखमलच्या घराला तिच्या घराची भिंत लागून होती आणि तोंडाला मात्र भिंत नव्हती. "पण तक्रार कुठे करायची? चोरीचा माल त्याच्याकडेही सापडत नाही."

बायका हसल्या. त्सिपाबाई हसल्या नाहीत, कारण घंटी वाजली. त्यांनी भिंतीवर मोठा तक्ता टांगला. दूध आणि मांस एकत्र खायचं नाही, म्हणून दुधाचे दिवस निळ्या रंगात, मांसाचे लाल रंगात. सोमवारी आठवड्याचा बाजार, मंगळवारी कणीक मळून गोठवायची, बुधवारी मांस, गुरुवारी मासे आणि भाज्यांची चिराचिर. शुक्रवारी सकाळी फक्त भात चुलीवर चढवायचा.

"आणि शुक्रवारी दुपारी," त्यांनी आवाज खाली आणला, "तुम्ही एक खुर्ची घ्याल आणि तिच्यावर बसाल."

मागच्या रांगेतल्या एका म्हातारीने विचारलं, "कोणासाठी?"

"म्हणजे?"

"म्हणजे गेलं कोण? माणूस गेलं की आपण बसतो. एरवी कशाला बसायचं?"

बसण्याचं दुसरं काही कारण असू शकतं, हे त्या दुपारी फक्त बखमलला पटलं. इतरजणींनी वाटलेले तक्ते घरी नेऊन त्यांवर कांदे चिरले. बखमलने आपला तक्ता फ्रीजच्या दारावर चिकटवला.

सुरुवातीचे आठवडे वाईट गेले. कणीक गोठून विटेसारखी झाली आणि पोळी लाटायची सोडून ती फोडायची वेळ आली. यूनोची तर खाण्याबद्दलची सगळी मतं अचानक जागी झाली.

"मंगळवारी मला भोपळा खावासा वाटत नाही," तो म्हणाला.

"तक्त्यात आहे."

"मला मटण खावंसं वाटतंय."

"मटण लाल दिवशी. आज निळा आहे. रात्री तुम्हाला दुधाची खीरही आहे."

यूनो फ्रीजसमोर उभा राहून तक्ता वाचू लागला. "सोव्हिएत राज्य गेलं तेव्हा मला वाटलं होतं, योजना संपल्या," तो पुटपुटला. पण भोपळा त्याने खाल्ला.

बीबी खिडकीशी बसून बघत राहिली.

आणि मग एका शुक्रवारी ते घडलं. मासे तळून, लसूण-कोथिंबिरीचं पाणी त्यावर ओतून झाकून ठेवलेले. हिरवा भात तयार. शनिवार दुपारचा रात्रभर शिजणारा भात मांस आणि सुक्या जर्दाळूंसकट पातेल्यात रटरटतोय, चुलीवर पत्रा पसरलाय, आधीच लावलेली मंद आच उद्यापर्यंत तशीच राहणार. फरशी पुसलेली. बखमलने घड्याळाकडे पाहिलं तर दुपार नुकती कलली होती. ते बंद पडलंय असं वाटून तिने ते कानाशी लावलं. चालू होतं.

तिने अंगणात खुर्ची नेली, जर्दाळूच्या झाडाखाली ठेवली आणि बसली. सुरुवातीला हातांचं काय करावं ते कळेना. मग चहा ओतला आणि लक्षात आलं की कित्येक वर्षांत तिने चहा गरम असताना प्यायला नव्हता. भिंतीवर चिमण्यांचं काहीतरी भांडण चाललं होतं. ती ते पुरतं ऐकत बसली. कोण जिंकलं तेसुद्धा कळलं.

पहिला आला यूनो. तो त्या दिवशी कात्री विसरला म्हणून घरी आला होता. दारातच थबकला.

"कोण गेलं?"

"कोणी नाही. झालं माझं काम."

"सगळं?"

"सगळं."

यूनो तिच्याभोवती एक फेरी मारून आला, जणू नवं यंत्र विकत घ्यावं की नाही ते बघत होता. "मग माझी दुकानातली पंचे-फडकी धुवायची राहिलीत," तो म्हणाला. "तू मोकळीच आहेस म्हणून."

पुढच्या शुक्रवारी झुलाईने भिंतीवरून डोकं काढलं. "ऐकलं की तुझी दुपार वाचते."

"वाचते, झुलाई-अपा."

"देवाची कृपा. माझा मासा तळायचा राहिलाय आणि माझी कंबर धरलीय. तुला बसून तरी काय करायचंय? आणि बसून बसून तुझीही कंबर धरेल."

झुलाईचा मासा तळला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी झुलाईची कणीक, आणि मग झुलाईच्या जावेचाही मासा, कारण एकाच तेलात होऊन जातो. मोहल्ल्यात बातमी फिरली की बखमलकडे वेळ शिल्लक आहे. दुष्काळात एखाद्या घरी विहिरीला पाणी लागावं तसं झालं. जो तो आपली बादली घेऊन आला. एकीला बटणं लावून हवी होती. एकीला दवाखान्यात सोबत हवी होती, दुखणं तर शुक्रवारपर्यंत थांबायला तयार होतं. यूनो तर अभिमानाने दुकानातच सांगू लागला, "आमच्या घरी शुक्रवारी दुपारी बाईमाणूस रिकामं असतं," आणि ऐकणारा दुसऱ्या गालाची वाट बघत म्हणायचा, "मग आम्हाला जेवायला बोलव की." यूनो बोलवायचाच.

अमनून-आका प्रार्थनामंदिराची किल्ली सांभाळायचे आणि परदेशी पाहुण्यांचीही तेच सोय बघायचे. ते टोपी हातात घेऊन आले. माणूस टोपी काढून आला की नाही म्हणता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"बखमल, पोरी, परदेशातले सहाजण येतायत. शुक्रवारी रात्री आणि शनिवारी दुपारी जेवतील. आपल्या धर्माप्रमाणे शुद्ध आहाराचं घर हवं त्यांना. म्हटलं, ज्या घरी वेळ आहे त्या घरी न्यावं. ज्यांच्याकडे वेळ नाही त्या बिचाऱ्यांना कशाला त्रास द्यायचा?"

कळस त्सिपाबाईंनी केला. त्यांचा जेरुसलेमहून फोन आला.

"मी ऐकलंय. तू माझं सर्वात मोठं यश आहेस," त्या म्हणाल्या. "म्हणून तू आता इतर बायकांना शिकवायचंस. दर शुक्रवारी दुपारी."

"शुक्रवारी दुपारी मी बसते," बखमल म्हणाली.

"नक्कीच. त्याविषयीच तू बोल. रिकाम्या वेळेचं काय—" तेवढ्यात तिकडे घंटी वाजली आणि फोन ठेवला गेला.

सहा परदेशी यायचे त्या शुक्रवारची सकाळ बखमलला पुढे नीटशी आठवत नसे. झुलाईचा मासा, झुलाईच्या जावेचा मासा, यूनोचे पंचे. पाहुण्यांसाठी तक्त्यातले सगळे आकडे दुप्पट केले होते, पण तिला हात दोनच होते. शनिवारच्या भाताचं मांस पाण्यात घातलं, तांदूळ भिजवले, जर्दाळू निवडले, आणि तेवढ्यात अमनून-आकांचा निरोप आला की बायका जमल्यात, शिकवायला ये. ती म्हणाली, पटकन जाऊन येते.

तुतीच्या झाडाखाली तिने घामेजल्या तोंडाने सांगितलं की बायांनो, वेळ ही आपली मालमत्ता आहे. मागच्या रांगेतली तीच म्हातारी म्हणाली, "पोरी, तू बस जरा. तुझ्याकडे बघवत नाही." शंका विचारून संपेनात. भोपळा निळा की लाल? मासा कुठल्या रंगात? सासूला कुठल्या रंगात धरायचं? ती घरी धावत आली तेव्हा बीबी खिडकीशीच होती.

"मिनारावर ऊन नाही, केलीन."

मेणबत्त्या लागल्या, त्याही शेवटच्या क्षणाला, ओल्या हाताने. शनिवारचं पातेलं ओट्यावर तसंच होतं. मांस थंड पाण्यात, तांदूळ थंड पाण्यात. चुलीवरचा पत्रा कोरडा. आता त्याला हात लावायची सोय नव्हती.

शुक्रवारी रात्री सहा परदेशी, यूनोची तीन गिऱ्हाइकं, झुलाई आणि तिचा नवरा असे सगळे जेवले आणि मासा, हिरवा भात, घरात होतं नव्हतं ते सगळं संपलं. शनिवारी दुपारी बखमलने परदेशी पाहुण्यांपुढे ठेवलं ते असं: पाव, कच्चा मुळा, लोणच्यातल्या काकड्या, फ्रीजमधलं थंड वांग्याचं भरीत, आणि थर्मासमधला चहा, जो आदल्या दिवशी गरम होता.

यूनोने मान खाली घातली. झुलाई आज मुद्दाम पुन्हा आली होती. ती कुजबुजत्या आवाजात म्हणाली, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आमची आई तक्त्याशिवाय चाळीस वर्षं भात शिजवत होती."

पाहुण्यांतल्या एका चष्मेवाल्या प्राध्यापकाने मुळा उजेडात धरून पाहिला. "कमाल आहे," तो म्हणाला. "मी वाचलं होतं की बुखाऱ्याचे यहुदी शनिवारी रात्रभर शिजलेला भात खातात. पण ही परंपरा तर त्याहूनही जुनी दिसतेय. अग्नीच नाही. वाळवंटातून चालताना आपले पूर्वज असंच खात असतील." त्याच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. सहाही जणांनी मुळा भक्तिभावाने चावला. अमनून-आकांनी एकदा बखमलकडे पाहिलं, एकदा पाहुण्यांकडे, आणि म्हणाले, "फार जुनं घराणं आहे हे."

पाहुणे गेल्यावर बखमल ओट्याशी उभी राहून कच्च्या पातेल्याकडे बघत होती. यूनो आला. त्याला सांत्वन करायचं होतं, पण ते कसं करतात हे त्याला माहीत नव्हतं.

"पूर्वी तू दर शुक्रवारी घाबरीघुबरी असायचीस," तो म्हणाला. "पण भात मात्र शिजायचा."

"पूर्वी मला कोणी काही सांगायचं नाही."

"पूर्वी तुझ्यापुढे यायची कोणाची छाती होती? शुक्रवारी मी न्हाणीघरात का बसतो, तुला काय वाटतं?"

बखमलने वळून नवऱ्याकडे पाहिलं. यूनो सहज बोलून गेला होता आणि बोलून दुकानाकडे फिरायला निघूनही गेला. पण ते वाक्य तिच्या डोक्यात रात्रभर भातासारखं शिजत राहिलं.

पुढच्या आठवड्यात तिने सगळं तक्त्याप्रमाणेच केलं, फक्त तक्ता फ्रीजवरून काढून फाडून टाकला आणि फाडताना अंगण झाडणाऱ्या झुलाईला दिसेल अशी काळजी घेतली. "नको ते नियोजन," ती मोठ्याने म्हणाली. "आपल्याला झेपत नाही." झुलाईला इतका आनंद झाला की तिने कणकेचं काम आपलं आपण केलं.

शुक्रवारी दुपार कलायच्या आत सगळं शिजलं होतं. शनिवारचं पातेलं पत्र्यावर होतं. बखमलने हात धुतले, मग विचार करून कोपरापर्यंत पुन्हा पीठ लावलं. केसांत कोथिंबिरीची काडी खोचली. एक कांदा मुद्दाम करपवला. दार लोटून घेतलं आणि कडी घातली. मग कोपऱ्यातली जाड गादी पसरली, तिच्यावर आडवी झाली आणि पायाच्या अंगठ्याने तपेलीवरचं झाकण खाली पाडलं.

"काय झालं?" अंगणातून यूनोचा आवाज आला.

"आत येऊ नका," ती कळवळून ओरडली. "माझं काहीच झालेलं नाही अजून."

पावलं लगबगीने न्हाणीघराकडे गेली. भिंतीपलीकडून झुलाई कोणाला तरी म्हणाली, "आज तिच्याकडे जाऊ नकोस, अंगावर येईल. बिचारी पार मोडली त्या तक्त्यापायी." थोड्या वेळाने तिने भिंतीवरून भोपळ्याच्या सामोशांची ताटली ठेवून दिली, दया म्हणून. अमनून-आका टोपी हातात घेऊन आले, झाकण पडलेलं ऐकलं, आणि टोपी डोक्यावर घालून परत गेले. दर थोड्या वेळाने बखमल झाकण पाडत होती. मधल्या वेळात तिला डुलकी लागली.

दारावर नखाने टकटक झाली. बाहेर बीबी होती.

"कडी काढ, केलीन."

आता पळवाट नव्हती. बखमलने कडी काढली. म्हातारी आत आली, तिने भरलेली पातेली पाहिली, पुसलेला ओटा पाहिला, करपलेला कांदा पाहिला, गादीवर पडलेला अंगाचा ठसा पाहिला. मग मागे वळून तिने स्वतः कडी लावली.

"सरक थोडी," ती म्हणाली आणि गादीच्या कडेला बसली.

बखमल सारवासारव करू लागली. "बीबी, मी आत्ताच जरा—"

"झाकण फार पाडतेस," इस्ताम-बीबी म्हणाली. "इतकं कोणाच्या हातून पडत नाही. मधून नळ सोडावा. एखादा शिव्याशाप. माझ्या वेळी मी खलबत्ता वापरायचे. आत काही नसायचं, पण आवाजाला वजन असतं."

बखमल तिच्याकडे बघतच राहिली. "तुम्ही?"

"तुझे सासरे न्हावी, त्यांचे वडील न्हावी. दोघांनाही बोलायला माणूस लागायचं. या घरात बसलेली बाई दिसली की तिला ऐकावं लागतं."

"मग मला सांगितलं का नाही? वीस वर्षं मी खरोखरच धावले."

"मला वाटायचं, तूही नाटकच करतेस." म्हातारीने खांदे उडवले. "आणि फार छान करतेस असं वाटायचं. म्हणून मध्ये पडले नाही. ऊन कुठवर आलंय ते तेवढं सांगत राहिले, म्हणजे तुला उठायची वेळ कळावी."

बखमलला हसू फुटलं. ते बाहेर जाऊ नये म्हणून तिने पिठाचा हात तोंडावर दाबला, आणि हसण्यातच कधीतरी तिचे डोळे भरून आले. ती वीस वर्षं एका घरात राहिली होती आणि या बाईशी ऊन आणि मिनार सोडून काही बोलली नव्हती. बीबीने तिच्याकडे न बघता झग्याच्या बाहीतून पत्त्यांचा जुना कॅट काढला. कोपरे झिजून गोल झाले होते.

"खेळता येतं?"

"येत नाही."

"शिकवते. घाई नाही."

तेव्हापासून बखमलच्या घरी शुक्रवारी दुपारी स्वयंपाकघराचं दार बंद असतं. मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक आहे की त्या वेळी तिकडे फिरकायचं नाही. सून घायकुतीला आलेली असते आणि म्हातारी सासू या वयातही तिला हातभार लावायला आत बसलेली असते. बायका आपल्या सुनांना तिचं उदाहरण देतात. त्सिपाबाईंचे फोन येतात, पण तिच्या हाताला पीठ असतं. परदेशी प्राध्यापकाने म्हणे कुठेतरी अग्निहीन भोजनावर लेख लिहिला, आणि त्याचे दोन ओळखीचे खास मुळा खायला येऊन गेले. अमनून-आकांनी त्यांना झुलाईकडे नेलं.

एका शुक्रवारी यूनो दाराशी येऊन उभा राहिला. अलीकडे त्याला वाईट वाटू लागलं होतं. दुकानातून तो लवकर निघाला होता. त्या गिऱ्हाइकाला दोन्ही गाल एकाच दिवशी मिळाले होते.

"काही मदत करू का?" त्याने दारातून विचारलं.

आत बीबीने नुकताच एक पत्ता बाहीत सरकवला होता आणि बखमलने तो सरकवताना पाहिला होता.

"नको," बखमल म्हणाली. "आम्ही फार अडचणीत आहोत."

"खरंच फार," बीबीने आतून दुजोरा दिला आणि रिकाम्या खलबत्त्यात बत्ता दोनदा आपटला.